पहिल्या रविवारचा फोन

अहवाल आला तेव्हा मी केजच्या बसस्टँडबाहेर अब्बांच्या गाड्यापाशी पिशवी धरून उभी होते. सीताफळं अब्बा निवडत होते. माझ्या हातची निवड त्यांना चालत नाही. चार वर्षं झाली मी पुण्यात कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करतेय, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कोणती पेशी कसली ते सांगते, निदान सांगता येतं अशा समजुतीत होते, पण अब्बांच्या मते मला अजून पिकलेलं आणि सडकं यातला फरक कळत नाही. "दाबू नको गं. नुसता हात ठिव, फळच सांगतंय," ते म्हणत होते आणि तेवढ्यात फोन थरथरला. पिशवी कोपरात अडकवून मी पीडीएफ उघडली. दोन रकाने, सोळा ओळी. डावीकडे वर्षापूर्वी वारलेल्या पेशंटच्या, दगडाबाईंच्या, रक्तातले आकडे, उजवीकडे त्यांच्या गाठीतून काढून मी सव्वा वर्ष वाढवलेल्या पेशींचे. बाई तीच, तर आकडे तेच यायला हवेत. इतकी साधी ती चाचणी. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग ओढणीनं स्क्रीन पुसली. उन्हामुळं चुकीचं दिसत असेल म्हणून ताडपत्रीखाली सावलीत जाऊन पुन्हा वाचलं. सोळातल्या तीन ओळी जुळत होत्या, त्याही कुणाच्याही कुणाशी जुळतील अशा. खाली एकच वाक्य होतं: पाठवलेल्या पेशी या रुग्णाच्या नाहीत. अकरा वाजता मला युसूफ वडगावला पोचायचं होतं आणि दोनशे माणसांसमोर माईक धरून सांगायचं होतं, की दगडाबाई एका अर्थानं अजून जिवंत आहेत. "क्या हुआ गे, मुँह कायकू उतरा?" अब्बांनी विचारलं. मी म्हटलं, गाईड मॅडमचा मेल आहे, कामाचा. त्यांनी पिशवीचं तोंड बांधून माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

काळी-पिवळीत मागच्या बाकावर जागा मिळाली. पिशवी मांडीवर. मग त्या पेशी कुणाच्या, हे मला कुणी न सांगताही कळत होतं. आमच्या लॅबमध्ये खालच्या कप्प्यात त्यांच्या बाटल्या असतात, बहुतेक लॅबमध्ये असतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत एक काळी बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या गाठीच्या पेशी कुणीतरी बाटलीत ठेवल्या, त्या आजवर वाढताहेत. इतक्या चिवट, की त्यातला एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तर महिन्याभरात ती बाटली त्यांची होते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला हे शिकवतात. एका वेळी पेशींची एकच जात बाहेर काढायची. प्रत्येकीची खाण्याची बाटली वेगळी. खाणं म्हणजे गुलाबी रंगाचं पोषक पाणी, दर तिसऱ्या दिवशी बदलायचं. ज्युनियर पोरांना हे मी स्वतः शिकवलंय, वर दरडावून. असं वाटत होतं की जीपमधल्या सगळ्यांना माझ्या तोंडावर लिहिलेलं वाचता येतंय. शेजारची बाई मात्र पिशवीकडे बघत होती. "धारूरची का?" तिनं सीताफळांचं विचारलं. मी मान हलवली, कशाला हलवली कोण जाणे.

दगडाबाईंना मी पहिल्यांदा भेटले ते सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. चाळीस वर्षं मिश्री लावलेली, डाव्या गालात गाठ, तोंड अर्धंच उघडायचं. माझ्या हातात संमतीपत्र, चार पानांचं. एकतीस पेशंटना मी ते वाचून दाखवलं असेल. बाकीचे दुसऱ्या ओळीलाच म्हणायचे, सही कुठं करू. दगडाबाईंनी चारही पानं ऐकून घेतली. मधे थांबवून मला नावाची गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून चौथीचं नाव दगडा ठेवलं, म्हणजे मरण आलंच तर म्हणेल, हा तर धोंडा आहे, आणि पुढं जाईल. "झालं बी तसंच. साठ वरसं पत्ता लागू दिला न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसताना गाल धरला. शेवटच्या पानावर होतं की काम संपल्यावर नमुना नष्ट केला जाईल. "नष्ट म्हंजे?" मी सांगितलं, औषध ओतून टाकून देतात. त्यांनी थोडा विचार केला. "टाकायच्या आदी सांग मातर. बिनसांगता न्हाई." असं सांगायची पद्धत नसते, पेशंटशी नंतर बोलायचीच पद्धत नसते. सांगेन, म्हणाले मी. मग त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

तीस पेशंटच्या पेशी आठवड्या-दोन आठवड्यात मेल्या. दगडाबाईंच्याही त्याच वाटेवर होत्या. सतराव्या दिवशी बाटलीच्या तळाला चार-दोन ठिपके चिकटलेले, तेही सुरकुतलेले. त्या दिवशी बकरी ईदसाठी घरी यायचं होतं, बस साडेतीनची, आणि तीन वाजता मी लॅबमध्ये होते. खालच्या कप्प्यातल्या त्या बाईला खाणं दिलं, आणि खाण्याची तीच बाटली उघडी होती म्हणून दगडाबाईंनाही त्यातलंच दिलं. हे आज आठवतंय असं म्हणायला आवडलं असतं मला. पण ते मी कधी विसरलेच नव्हते. बसमध्ये बसल्यावर अहमदनगर येईपर्यंत तेच डोक्यात होतं, मग मी स्वतःला सांगितलं, काही होत नाही, खाणं घालायची नळी बदलली होतीस की. नळी बदलली होती का? एकोणिसाव्या दिवशी लॅबमधल्या पोरीनं फोटो पाठवला: पेशी वाढल्यात. मी अंगणात नाचले असते. नियम गेला खड्ड्यात, मी दगडाबाईंच्या मुलीला, अंजलीताईला, फोन लावला. तिनं फोन आईच्या कानाला धरला. ऑपरेशननंतर त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "माजं तितं बरं चाललंय म्हन की," एवढं मला कळलं. चार महिन्यांनी त्या गेल्या. ही गोड बातमी घेऊन गेल्या.

अंजलीताई त्यांच्या शेवटच्या क्षणाला जवळ नव्हती. खाली औषधाच्या लायनीत उभी होती. वर आली तर चादर ओढलेली. ती रडली नाही म्हणे. गावातल्या बायकांनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. दहा-बारा दिवसांनी, महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून मग हळूच म्हणाली, "आई कशी हाय?" मी गडबडले. म्हटलं, बरी आहे. "जेवली का?" त्या दिवशी खरंच खाणं बदललं होतं, म्हणून म्हटलं, हो, आत्ताच. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, अकराच्या सुमारास. जेवली का? जेवली. रमजानात मी उपाशी असायचे आणि तिच्या आईला वेळेवर खाणं घालायचे, ते ऐकून ती लई हसली होती. ती ऊस, कापूस, नवऱ्याची पाठदुखी सांगायची, मी हॉस्टेल आणि मॅडम सांगायचे. पुण्यात मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि याच काळात पेशी दिवसाला दुप्पट होत होत्या. माणसाच्या गालातून नुकत्या काढलेल्या पेशी अशा वाढत नसतात. हे मला कळत होतं. आकार वेगळा दिसत होता, तोही दिसत होता. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ओळखीची चाचणी करून घे. पाठवते, म्हणाले. पुढच्या महिन्यात पाठवते. दगडाबाईंच्या रक्ताची कुपी फ्रीजमध्ये तशीच पडून, आणि मी वहीत लिहितेय: वाढ उत्तम. शेवटी प्रबंधाचं तिसरं प्रकरण संशोधन मासिकाला पाठवायचं तर चाचणी सक्तीची म्हणून पाठवली. पाठवताना हात गार पडले होते, आणि मी एसीला दोष दिला होता.

युसूफ वडगावला उतरले तर फाट्यावरच बॅनर. दगडाबाईंचा आधारकार्डावरचा फोटो मोठा केलेला, वर प्रथम पुण्यानुमोदन, आणि खाली लाल अक्षरात: आई, तू विज्ञानाच्या रूपानं जिवंत आहेस. त्याखाली प्रमुख उपस्थितीत माझं नाव, त्यापुढं डॉक्टर जोडलेलं, जे मी अजून झालेली नाही आणि आता कधी होईन याचा भरवसा नव्हता. अंजलीताईचा भाऊ पवन धावत आला, पिशवी घेतली. मांडवात पांढरे कपडे घातलेली माणसं सतरंजीवर बसत होती, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, आणि कडेला दगडाबाईंचा तोच फोटो. कारभारीआबा, दगडाबाईंचे मालक, पुढच्या रांगेत खुर्चीवर. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आलीस पोरी. तिला बरं वाटंल." कुणाला बरं वाटेल, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. अंजलीताई मांडवामागून पदराला हात पुशीत आली, तोंडभर हसली आणि पहिल्या रविवारची वाट न बघता विचारलं, "आज कोन घालतंय गं तिला जेवाया?" लॅबमधली पोरगी, म्हणाले मी. माझी जीभ अजून तेच बोलत होती.

वंदना झाली, पंचशील झालं. भंतेजी अनित्यतेबद्दल बोलू लागले. जे उपजतं ते जातं, धरून ठेवणारा दुःखी होतो, असं शांतपणे. मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली, पायाला मुंग्या, घाम कानामागून मानेवर. डोक्यात हिशेब चालू. ठरल्याप्रमाणं बोलले तर काय होईल? कुणाला काय कळणार आहे, सोळा ओळींचा तक्ता इथं कोण वाचणार आहे. दोन मिनिटं बोलायचं, टाळ्या, जेवण, परत. पुण्यात मॅडमना सांगेन, प्रबंध बघू. हे लोक सुखात राहतील. पेशी टाकून दिल्या तरी मी दर पहिल्या रविवारी हो म्हणू शकते. हो म्हणायला काय लागतं? वर्षभर म्हणतेच आहे. आणि मग मला माझीच किळस आली. भंतेजींच्या नंतर माझं नाव होतं. पवननं माईकची वायर हातात घेतलेली दिसली. मी उठले, पाण्याला जाते अशी खूण केली आणि मांडवामागे गेले.

तिथं चुलवणावर वरणाचं पातेलं, दोन बायका पुऱ्या लाटतायत, आणि बाजूला अंजलीताई बादलीत पेले विसळतेय. मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"ताई, एक सांगायचंय."

"सांग की."

"माझ्याकडं वाढतायत त्या पेशी आईच्या नाहीत."

तिनं पेला पालथा ठेवला. "म्हंजे?"

"लॅबमध्ये दुसऱ्या एका बाईच्या पेशी होत्या. त्यातल्या आईच्या बाटलीत पडल्या. माझ्याच हातनं. त्या वाढल्या, आईच्या मरून गेल्या."

"कवा?"

"मी तुला पहिला फोन केला ना, त्याच्या दोन दिवस आधी."

ती बोटांवर काहीतरी मोजत असावी. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज इतका बारीक केला होता की मलाच तो परका वाटत होता.

"मंग तू कोनाला जेवाया घालत हुतीस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. अमेरिका, पंचाहत्तर वर्षं, कॅन्सर. तिनं सगळं ऐकलं, तिच्या आईनं चार पानं ऐकली होती तसं, मधे न बोलता.

"लेकरं हुती का तिला?"

"होती. लहान होती."

"त्यान्ला कोन फोन करत हुतं?"

"कुणी नाही. पेशी काढल्यात हेच त्यांना कितीतरी वर्षं कुणी सांगितलं नाही."

तिनं अजून एक पेला विसळला, आत बोट फिरवून, मग तसाच हातात धरला. "तुला कवा कळलं?"

"आज सकाळी."

"कळलं सकाळी. मनात कवा आलं?"

हा प्रश्न मॅडम विचारतील अशी मला भीती होती. मॅडमना फसवायचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. इथं ते चाललं नसतं. "लई आधी," मी म्हणाले.

"कावून न्हाई सांगितलंस?"

"तू विचारायचीस, जेवली का. मला हो म्हणायला आवडायचं. दुसरं माझ्याजवळ आवडण्यासारखं काही नव्हतं."

मला वाटलं ती ओरडेल, निदान उठून जाईल. ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली. "म्हंजे आई गेली," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली, पदर तोंडात धरून, अख्ख्या वर्षाचं. पुऱ्या लाटणारी एक बाई उठून आली, दुसरी म्हणाली, रडू दे तिला, बरं झालं एकदाचं. मी हात लावू का नको अशी अधांतरी बसून राहिले. मला वाईट वाटत होतं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या उतरण्याचा राग येत होता.

माईकवर पवननं माझं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. अंजलीताईनं बादलीतल्या पाण्याचा हबका तोंडावर मारला, उठली, मांडवाच्या कापडातून डोकं आत घालून भावाला म्हणाली, "तिचा घसा बसलाय. तूच बोल." परत आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबाला कळाया नको. त्यांचं ऱ्हायलंच किती." मग पवन बोलला. माझी आई मेलेली न्हाई, ती पुण्यात हाय, मोठमोठे डॉक्टर तिची राखण करत्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कापडाच्या फटीतून आबा दिसत होते, मान डोलवत, टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजवत. आम्ही दोघी पेले पुसत ऐकत होतो. निघताना तिनं डबा दिला, पुऱ्या आणि बुंदी, पण फाट्यापर्यंत सोडायला आली नाही.

मॅडमना सोमवारी सांगितलं. बाटली, बकरी ईद, मनात आलेलं, सगळं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. "कधी काय झालं ते तारखेनिशी लिहून दे," म्हणाल्या, "आणि त्या बाटल्या नष्ट कर. गोठवलेल्यासुद्धा." मासिकाचा विषय संपला, तिसरं प्रकरण संपलं, बाकीच्याचं बघू म्हणाल्या. मी लिहून दिलं. बाटल्या मात्र राहिल्या. मंगळवारी वेळ नव्हता, बुधवारी ब्लीच संपलं होतं, गुरुवारी मी तिसऱ्या दिवसाचं म्हणून खाणंही बदललं, कुणी बघत नसताना. अब्बांचा फोन आला, सीताफळं गोड निघाली का विचारायला. मी म्हटलं, लई गोड. एकही खाल्लं नव्हतं.

मग रविवार आला, महिन्याचा पहिला. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी चौदा बाटल्या काढून ओळीनं मांडल्या, ब्लीचची बाटली उघडली, हातमोजे चढवले. फोन येणार नाही हे मला माहीत होतं, तरी तो समोर ठेवला होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी वाजला. हातमोज्याचं बोट स्क्रीनवर चालेना. दातानं मोजा ओढून काढला.

"जेवली का?" अंजलीताईनं विचारलं.

"कोण?"

"ती बाई. तिकडची."

जेवली, हे माझ्या ओठावर आलं होतं, खरंच आलं होतं. "न्हाई," मी म्हणाले. "आज जेवण न्हाई. सगळं टाकायचंय."

"आज?"

"आत्ता. औषध समोर हाय."

तिकडं भांड्याचा आवाज झाला, कोंबडी ओरडली, कुणीतरी दार लावलं. फोन कट झाला असं वाटलं. मग ती म्हणाली, "फोन ठिवू नको. मी हाय हितं."

मी फोन उभा करून ठेवला. दगडाबाईंना शब्द दिला होता, टाकायच्या आधी सांगेन. त्यांच्या त्या चार ठिपक्यांचं सांगायचं राहूनच गेलं. पहिली बाटली हातात घेऊन मी मोठ्यानं म्हणाले, "टाकते आता." अंजलीताई हं म्हणाली. ब्लीच पडलं की गुलाबी पाणी आधी जांभळं होतं, मग त्याचा रंगच जातो. दुसरी बाटली. तिसरी. दर वेळी मी सांगत होते, दर वेळी ती हं म्हणत होती. मधेच तिनं विचारलं, किती ऱ्हायल्या, मी म्हटलं, आठ. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ब्लीचच्या वासानं नव्हतं. गोठवलेल्या कुप्या शेवटी काढल्या, पांढरी वाफ सुटलेली, त्याही वितळू दिल्या आणि त्यातही ओतलं.

"झालं?"

"झालं."

"बरं," ती म्हणाली. फोन तिनंही ठेवला नाही आणि मीही. समोर चौदा बाटल्यांत साधं पाणी दिसत होतं.

"तू जेवलीस का?" तिनं विचारलं.

बारा वाजून गेले होते. मी न्हाई म्हणाले.